काटा न येणारा जावई

मला गाणं ऐकून काही होत नाही. हे वाक्य ठाण्यात उच्चारलं तर समोरचा "बरं" म्हणतो आणि पार्किंगविषयी बोलायला लागतो. डोंबिवलीत उच्चारलं तर तो आधी आपली खुर्ची मागे घेतो आणि मग घरातल्या मुलांना आत जायला सांगतो.

डोंबिवलीचं काय सांगायचं! तिथे पोर जन्मलं की रडत नाही, आधी षड्ज लावतं आणि नर्सकडे बघतं, जुळला का म्हणून. रिक्षाच्या रांगेत मारामाऱ्या होतात त्या नंबरावरून नव्हेत, मध्यम शुद्ध होता की तीव्र यावरून. भाजीवाली कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकते ती तालात. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय. अशा गावची मुलगी मी केली, आणि तीही गावातल्या सगळ्यात खडूस कानसेनाची.

कोणी म्हणेल, तुमचे कानच बिघडले असतील. कान ठणठणीत आहेत. मी पाण्याच्या पंपांच्या कंपनीत नोकरी करतो. वर्तकनगरच्या आमच्या सोसायटीत तळघरातला पंप कुरकुरला की चौथ्या मजल्यावर आमटी भुरकताना मला कळतं, बेअरिंग गेलं. गाण्यातला सूर वर गेला, खाली आला, तेही कळतं. पण कळून पुढे काय? जिना चढणारा माणूसही वर जातो आणि खाली येतो. त्याच्याकडे बघून कोणी डोळे मिटून "आहाहा" करतं का?

गाणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांचं ते काम आहे. माझा राग ऐकणाऱ्यांवर आहे. मैफलीत ही माणसं जे चेहरे करतात ते दातांच्या डॉक्टरकडे केले तर तो घाबरून भुलीचं दुसरं इंजेक्शन देईल. आणि शेजारी एखादा शांत बसलेला दिसला की ह्यांना तो सहन होत नाही. आपण गहिवरलो तर सगळ्या रांगेने गहिवरलं पाहिजे, अशी ह्यांची दंडेली. त्या दंडेलीचे सरसेनापती म्हणजे माझे सासरे.

आमची पहिली गाठ पडली ती मुलगी बघायला गेलो तेव्हा. डोंबिवली पूर्वेला, कारखान्यांच्या पट्ट्याला लागून त्यांचं घर. दार रस्त्याकडे, हॉलची खिडकी कारखान्यांकडे. सासरेबुवा सरकारी कचेरीत कारकून, पण घरातल्या झोपाळ्यावर बसले की एखाद्या संस्थानाचे अधिपती. पोह्यांची बशी माझ्या हातात पडायच्या आत त्यांनी पहिला प्रश्न टाकला. पगाराचा नाही, घराचा नाही.

"गाण्यात काय आवडतं?"

"संपल्यावर चहा येतो, तो," मी म्हटलं.

ते खो खो हसले. त्यांना वाटलं, पोरगा विनोदी आहे. मी आयुष्यात इतकं खरं कधी बोललो नव्हतो.

मग मुलीला बाहेर बोलावलं. ती पेटीपुढे बसली. सासरेबुवांनी बोटाने झोपाळ्याच्या कडीवर ताल धरला आणि ती गायला लागली. चांगलं गात असणार; मला काय कळणार? मला एवढंच दिसत होतं की तिच्या वरच्या ओठावर घामाचा एक थेंब उभा आहे, पुसायला हात मोकळा नाही, आणि कडीवरचं ते बोट थांबेपर्यंत तिला थांबायची सोय नाही. तिने मध्येच एकदा माझ्याकडे पाहिलं. सोडवा मला, अशा नजरेने नाही. तुम्हीही ह्यांच्यातलेच का, अशा.

आणि नेमका त्याच वेळी वायू आला.

डोंबिवलीकरांना वायू म्हणजे काय ते सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. कुठल्यातरी कारखान्याचं कसलंतरी झाकण ढिलं होतं, वारा फिरतो आणि नाकात मोहरी फोडल्यासारखं होतं. त्या दिवशीचा वायू तर असा, की तारेवरचे कावळे चोचीवर पंख धरून कल्याणच्या दिशेने पळाले. कुंडीतली तुळस पिवळी पडली. भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या देवाने डोळे मिटून घेतले. खिडकीतून तो लोट आला तो थेट माझ्या तोंडावर, आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. बशीत पडल्या. पोहे अळणी होते, ते बेताचे खारट झाले.

गाणं थांबलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

"वायू," मी नाक पुसत म्हटलं. "वायू आहे हो."

सासरेबुवा झोपाळ्यावरून उठले. त्यांचेही डोळे भरले होते, पण ते मला बघून.

"बघ, बघ," ते सासूबाईंना म्हणाले. "रडतो आणि वर लपवतो. ह्याला म्हणायचं रसिक! साखर आण."

"अहो, खरंच वायू..."

"पुरे. विनय पुरे झाला आता."

असं माझं लग्न ठरलं.

खरा प्रकार उघडकीला आला तो दिवाळसणाला. जावयाचा पहिला दिवाळसण म्हणून मला पहाटे उठवून, उटणं फासून, नवा कुडता चढवून पहाटेच्या मैफलीला नेलं आणि पुढच्या रांगेत बसवलं. आलाप अगदी शिगेला पोचला होता, हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती, तेव्हा मला भूक लागली. मी खिशातली चकली मोडली. त्या कडाक्याने तंबोऱ्याची तार तुटली असं सासरेबुवा आजतागायत सांगतात. तार आधीच जुनी होती.

बाहेर येऊन त्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "जावईबापू, तुम्ही आम्हाला फसवलंत."

"मी पहिल्या मिनिटाला सांगितलं होतं. वायू."

"तो विनय होता."

"वायू होता."

तिथून जे युद्ध पेटलं ते पुढची पंचवीस वर्षं. मला वाटतं, जगातली पुष्कळ युद्धं ह्याहून कमी कारणावरून झाली असतील, पण ती इतकी चालली नसतील. मला रडवायचं, निदान अंगावर काटा आणायचा, असा त्यांनी विडाच उचलला होता. ठाणे म्हणू नका, कल्याण म्हणू नका, जिथे म्हणून सतरंजी अंथरली जाईल तिथे मला फरपटत नेलं. रंगात आलेल्या मैफलीत ते माझी बाही वर सारायचे आणि मोबाइलचा दिवा लावून हात तपासायचे.

"काटा नाही," ते मागच्या रांगेला जाहीर करायचे. "एवढ्या तानेवर काटा नाही! माणूस आहे की काय आहे?"

"काटा कोंबडीलाही येतो, सोलल्यावर," मी म्हणायचो.

"दगड."

"दगडाला पाझर फुटतो म्हणतात. फुटला होता की, पोह्यांवर."

बायको आमच्या मध्ये बसायची आणि दोन्ही कोपरांनी दोन्हीकडे ढोसायची.

तिच्यासाठी मी एक युक्ती मात्र शिकलो. मैफलीत मान हलवायची जागा ठरलेली असते. गाणारा आपल्या वाटेने भटकतो, तबलजी आपल्या वाटेने, आणि फिरून फिरून दोघं एका ठोक्यावर येऊन भेटतात. त्याला सम म्हणतात. सम आली की जाणकारांच्या माना एकदम खाली पडतात, गव्हाणीवरच्या बैलांसारख्या. मला सम ऐकू यायची नाही, पण सासरेबुवांची मान दिसायची. त्यांची पडली की मागोमाग मी माझी टाकायचो. बायकोला बरं वाटायचं, तिच्या मैत्रिणींना मी सुधारतोय असं वाटायचं. म्हणजे बघा, ज्या माणसाचं मला तोंड बघवत नव्हतं त्याच्या मानेवर मी वर्षानुवर्षं नजर ठेवून बसलो.

बायकोचं गाणं मध्यंतरी सुटलं होतं. नोकरी, मुलगी, माझी आजारी आई. पेटी माळ्यावर गेली ती पंधराएक वर्षं खाली आली नाही. सासूबाई गेल्या आणि सासरेबुवा घरात एकटे उरले, तेव्हा तिने ती पुन्हा काढली. दर रविवारी सकाळी डोंबिवलीला जायची, वडिलांपुढे बसून गायची. तिला लोकांपुढे गायची हौस नव्हती. ते मान हलवायचे, ती पुढे जायची. ते थांबले की ती त्याच जागेवर परत यायची आणि मान हलेपर्यंत तिथेच घोटत राहायची. मी सोबत जाऊन आतल्या खोलीत पेपर वाचायचो. तिथे मला काही व्हायचं नाही. फक्त एवढं, की रविवारी संध्याकाळी ती घरी भाकरी थापताना वेगळी दिसायची, आणि मला त्या रविवारांची सवय झाली होती.

गेल्या वर्षी एका सकाळी सासरेबुवांच्या हातातून चहाचा कप गळून पडला. मेंदूत गुठळी. आम्ही त्यांना ठाण्याला आणलं, माजिवड्याजवळच्या एका हॉस्पिटलात. मेंदूच्या उजव्या बाजूला फटका बसला होता, त्यामुळे डावा हात लुळा पडला. जीभ शाबूत होती. दुर्दैवाने.

"ह्या हॉस्पिटलचा पंखा तुमच्यासारखाच आहे," शुद्धीवर येताच ते मला म्हणाले. "नुसता फिरतो, वारा नाही."

जरा बरं वाटायला लागल्यावर बायकोने स्वतःचा रियाज मोबाइलवर भरून आणला आणि त्यांच्या कानांना हेडफोन लावला. त्यांनी क्षणभर ऐकलं आणि उजव्या हाताने तो उपटून काढला.

"खरखरतोय."

तिने दुसरा आणला. तोही त्यांनी लावून घेतला, डोळे मिटले, आणि ह्या वेळी उपटला नाही. मान हलवली. बायको हरखली. पण मी पलंगाच्या ह्या बाजूला उभा होतो. त्यांच्या उजव्या हाताने चादर मुठीत धरली होती, बोटांची पेरं पांढरी पडेपर्यंत. ती मूठ मी ओळखली. पंचवीस वर्षं सतरंजीवर बसून मी कुडत्याचं टोक तसंच धरत आलो होतो. संपा रे एकदाचं, असं म्हणणारी मूठ.

बायको खाली डबा आणायला गेली. मी खुर्ची ओढून जवळ बसलो.

"काय ऐकू येतंय, बाबा?"

"हेडफोन खराब आहे."

"दोन्ही?"

ते छताकडे बघत राहिले. "भांडी," ते शेवटी म्हणाले. "मोरीत कोणीतरी भांडी आपटतंय. ती बोलते ते कळतं. नर्स बोलते ते कळतं. ती गायला लागली की भांडी." मग माझ्याकडे वळले. "हसा, जावईबापू. आज तुमचा दिवस आहे."

हसायलाच हवं होतं. त्या दिवसाच्या आशेवर तर मी जगत आलो होतो. पण सलाइन लावलेल्या शत्रूला हसण्यात मजा नसते. तो उठून अंगावर येत नाही.

"तिला सांगायचं नाही," ते म्हणाले.

"का? आजारपण आहे. समजून घेईल."

"तुम्हाला काय कळतंय! ती माझ्या मानेवर गाते. मान थांबली की ती थांबेल. आणि एकदा थांबली की काय होतं ते पाहिलंय मी. पेटी माळ्यावर जाते."

मला ते रविवार आठवले. त्या माणसाशी एका बाजूला बसायची माझी ती पहिलीच वेळ. मला ते मुळीच आवडलं नाही.

मी त्यांच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. वयाने माझ्या मुलीएवढी, सदा घाईत. तिने उभ्या उभ्याच सांगितलं. आवाज ऐकणं वेगळं, त्यातली चाल ओळखणं वेगळं आणि त्यातून आनंद होणं, डोळे भरणं, हे आणखी वेगळं. मेंदूतले हे वेगवेगळे भाग आहेत, त्यांच्यामध्ये ये-जा चालते. तुमच्या सासऱ्यांचा चाल ओळखणारा भाग दुखावलाय. सूर येतात, पण त्यांची माळ होत नाही. म्हणून भांडी. ते परत येईल का, मी विचारलं.

"काहींचं येतं. काहींचं नाही."

"आणि जन्मापासूनच काही होत नसेल तर?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं. "म्हणजे, माझा एक मित्र आहे."

"असतात तसे लोक. कान चांगले, मेंदू चांगला. ऐकणारा भाग आणि आनंद देणारा भाग यांच्यातला रस्ताच जरा अरुंद असतो. तो आजार नाही."

मला त्या मुलीच्या पाया पडावंसं वाटलं. "डॉक्टर, हे लेटरहेडवर लिहून द्याल का? शिक्का मारून? मला डोंबिवलीत चौकात लावायचंय."

ती घाईत होती. पण जाता जाता म्हणाली, "तुमच्या मित्राला सांगा, रडायला येण्याचा तो एकच रस्ता नसतो. डोळ्यांकडूनही येतो, आठवणीकडूनही येतो."

ते मी मित्राला सांगितलं नाही.

सासरेबुवांना आम्ही वर्तकनगरला घरी आणलं. शत्रूला लढाईत हरवून बंदी करतात हे ऐकलं होतं. घरी आणून त्याला मऊ भात भरवतात हे माझ्याच नशिबी. त्यांनी पहिल्याच दिवशी आमच्या चहाला, चादरींना आणि येऊरच्या डोंगराला नावं ठेवली. डोंगर फार जवळ आहे म्हणाले. आणि बायकोने त्याच आठवड्यात जाहीर केलं, की बाबांचा अमृतमहोत्सव येतोय, त्या दिवशी डोंबिवलीत लहानसा हॉल घ्यायचा आणि ती गाणार. पूर्ण मैफल. त्यांनीच शिकवलेला राग. जन्मात पहिल्यांदा लोकांपुढे.

ती स्वयंपाकघरात गेल्यावर सासरेबुवांनी माझं मनगट धरलं. पकड अजून मजबूत होती.

"मला पुढे बसवणार ती. समोर. मान कुठे टाकायची मला कळणार नाही."

"मला तरी कुठे कळते?"

"मग इतकी वर्षं कशी टाकत होता?"

मी सांगितलं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग जांभळा. दुसरी गुठळी होते की काय असं मला वाटलं.

"म्हणजे तुम्ही माझी नक्कल करत होता? माझी? मला वाटायचं, जरा तरी रुजलं ह्या माणसात!"

"ओरडू नका. ती ऐकेल."

"हलकट आहात."

"आहे. आता तुम्हालाही व्हावं लागेल."

आणि आमचा क्लास सुरू झाला. दुपारी बायको ऑफिसात असताना आम्ही गॅलरीत बसायचो, मोबाइलवर मैफलींचे व्हिडिओ लावायचो आणि आवाज बंद करायचो. अख्ख्या ठाणे जिल्ह्यात, मी म्हणतो अख्ख्या देशात, गाण्याचा असा क्लास झाला नसेल. मी त्यांना तबलजीचे खांदे दाखवले. सम जवळ आली की तबलजी आधी श्वास घेतो, उजवा खांदा किंचित वर जातो, हनुवटी गाणाऱ्याकडे वळते. खांदा उतरला की मान टाकायची.

"आत्ता!" मी म्हणायचो.

"कळलं हो! मला शिकवू नका."

"उशीर झाला तुम्हाला. पुन्हा."

"हा तबलजीच वाईट आहे."

"तुम्हाला ऐकू येतंय का तो?"

"दिसतोय ना! तोंडावरूनच वाईट आहे."

शिव्या देत, घेत, ते शिकले. कानाने सत्तर वर्षं जे केलं ते डोळ्याने करायला त्यांना फार जड गेलं. कधी कधी मध्येच ते आवाज लावायला सांगायचे. मी लावायचो. ते कान देऊन ऐकायचे, अगदी आशेने, दार वाजलं म्हणून कोणी आलंय का बघावं तसे. मग हात हलवायचे. बंद करा. मी बंद करायचो. त्या वेळी मात्र आम्ही भांडायचो नाही.

बायको संध्याकाळी आतल्या खोलीत रियाज करायची. ते दारात खुर्ची टाकून बसायचे. आत तबलजी नाही, खांदा नाही. नुसता मोबाइलमधला तबला. मग ते डोळे मिटून डुलत राहायचे, कुठेही, कसेही. ती एकदा माझ्याजवळ म्हणाली, "अहो, बाबा हल्ली चुकीच्या जागी दाद देतात. आजारपणाने लक्ष लागत नसेल, नाही का?"

"झोप येत असेल," मी म्हटलं.

"का मीच चुकतेय?"

ती पुन्हा आत गेली आणि तीच जागा घोटत बसली, फार वेळ. ती आतून बाहेर आली तेव्हा मी सासरेबुवांकडे बघितलं आणि त्यांनी माझ्याकडे. समारंभाच्या दिवशी मान चुकून चालणार नव्हतं.

आला तो दिवस. सकाळची वेळ, हॉल गच्च भरलेला. डोंबिवली आपल्या अमृतमहोत्सवी कानसेनाला बघायला आणि त्याची मुलगी कुठे चुकते ते ऐकायला नटूनथटून आली होती. सासरेबुवांना रेशमी कुडता घालून पहिल्या रांगेच्या मधोमध बसवलं, शेजारी मला. मी आदल्या दिवशी येऊन तबलजीची बैठक बघून गेलो होतो. खांदा स्वच्छ दिसत होता. सगळा बंदोबस्त चोख.

आणि सूत्रसंचालन संपताच त्यांच्या जुन्या कचेरीतल्या सहकाऱ्यांनी पुष्परचना आणली. पुष्परचना कसली, फुलांचा येऊरचा डोंगर! चार जणांनी उचलून आणली आणि ठेवली ती बरोबर तबलजीच्या पुढ्यात. तबलजी नाहीसा झाला. झेंडूच्या वर त्याच्या केसांचा एक झुपका तेवढा दिसत होता.

"खांदा?" सासरेबुवा पुटपुटले.

"गेला."

"सरकवा ते झाड."

मी उठायला लागलो तेवढ्यात बायकोने गायला सुरुवात केली. पहिल्या रांगेतून उठून स्टेजवर जायचं म्हणजे चकलीपेक्षा भयंकर. मी बसलो. मी इकडेतिकडे बघितलं, दुसऱ्या कोणाची मान दिसते का. पण आम्ही पहिल्या रांगेत, सगळ्या माना आमच्या मागे. आयुष्यभर मला मागची रांग हवी होती, ती मिळाली नाही, आणि आता कळलं का हवी होती.

सासरेबुवांची मूठ माझ्या मांडीवर होती. चादर नव्हती, म्हणून माझं धोतर. सम येत असणार, जात असणार. त्यांची मान हलली नाही. मागे कुजबुज सुरू झाली. बायकोची नजर त्यांच्यावर होती. ती एक जागा घेऊन थांबली, तीच पुन्हा घेतली, पुन्हा घेतली. रविवारसारखी. मान हलेना. तिच्या वरच्या ओठावर घामाचा थेंब दिसायला लागला, आणि मला वाटलं, झालं. पेटी माळ्यावर.

मग माझ्या मांडीवरची मूठ सुटली. मी वळून बघितलं. सासरेबुवा अजिबात डुलत नव्हते, डोळेही मिटलेले नव्हते. टक लावून मुलीकडे बघत होते आणि दोन्ही गालांवरून पाणी खाली चाललं होतं, हनुवटीवरून कुडत्यावर. पुसायचंही त्यांना सुचलं नाही. तिने ते पाहिलं. ती जागा तिने सोडून दिली आणि पुढे गेली. नंतर तिने मागे वळून काही घोटलं नाही. बहुतेक तिने खाली बघितलंसुद्धा नाही. किती वेळ गायली मला माहीत नाही. मला नेहमीसारखंच काही झालं नाही.

संपल्यावर सगळी डोंबिवली त्यांच्याभोवती गोळा झाली. "काय तो गहिवर!" "ह्याला म्हणतात ऐकणं!" सासरेबुवा रुमालाने तोंड पुसत होते आणि घोगऱ्या आवाजात सांगत होते, "वायू आहे हो. वायू."

सगळे हसले. विनय, विनय, म्हणाले.

हॉल वातानुकूलित होता, खिडक्या बंद. मी मुद्दाम नाक वर करून हुंगलं. झेंडू होता, अत्तर होतं, मागे तळणीत बटाटेवडे होते. वायू नव्हता.

बायको आली, वाकून त्यांच्या पाया पडली. "बाबा, आज एकदाही मान हलवली नाहीत," ती म्हणाली. "तरी मी थांबले नाही, पाहिलंत ना?"

"पाहिलं," ते म्हणाले. खोटं नव्हतं.

ती तानपुरा आवरायला गेली. मी त्यांना हाताला धरून बाहेर पोर्चमध्ये आणलं आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. गाडी यायची होती.

"काय ऐकू आलं?" मी विचारलं.

"भांडी. पहिल्यापासून शेवटपर्यंत भांडी. माझ्या वैऱ्याला अशी मैफल ऐकायला लागू नये." मग माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "म्हणजे तुम्हाला."

"मग रडलात कशाला?"

"सांगितलं ना, वायू."

"वायू नव्हता."

"नव्हता," ते म्हणाले. त्यांनी लुळा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला आणि अगदी सावकाश, सापळा लावणाऱ्या माणसाच्या आवाजात बोलले, "जावईबापू, तुम्ही पोहे खायला आला होता ना, त्या दिवशी सकाळपासून वायूचा वास होता. तुम्ही यायच्या आधी हॉलची खिडकी लावून घेतली होती. मी स्वतः. कडी घालून."

गाडी आली. मी दार उघडलं, त्यांना आत बसवलं, पट्टा लावला. ते उत्तराची वाट बघत होते. बघणारच.

"खिडकीला फट होती," मी म्हटलं.